मरुभूमींत बिऱ्हाड पाठीवर

प्रवासाची हौस असते त्या वयांत पैसा नसतो. पैसा हातीं येऊं लागला म्हणजे रजा मिळत नाहीं. आणि रजेचा प्रश्न कायमचा सुटला म्हणजे गुडघे कुरकुरूं लागतात. यामुळें पुष्कळांचा प्रवास नकाशावरच होतो. आमचाही तसाच व्हावयाचा. परंतु गेल्या पौषांत आम्ही तिघे स्नेही, सर्व साठी ओलांडलेले, पाठीवर एकेक सॅक टाकून राजस्थानांतील मरुभूमीचीं तीन नगरें पाहून आलों. नाना पोस्टांतून निवृत्त झालेले. तात्या पाटबंधारे खात्यांत ओव्हरसियर होते. आणि आम्हीं वाईस मुलांना संस्कृत शिकविण्यांत जन्म घालविला. निघण्यापूर्वीं तात्यांनीं एकच नियम घातला. जें स्वतःच्या पाठीवर घेऊन किल्ला चढवणार नाहीं तें बरोबर घ्यावयाचें नाहीं, आणि हमाल करावयाचा नाहीं. त्यांनीं ताणकाटाच आणला आणि प्रत्येकास सात किलोंची मर्यादा आंखून दिली. नानांचा लाडवांचा डबा घरीं राहिला. आमच्या चार धोतरांपैकीं दोन गेलीं. आमचा जुना तांब्या मात्र आम्हीं हट्टानें ठेविला. त्या तांब्याची हकीकत पुढें येईल.

वाल्मीकींनीं युद्धकांडांत मरुभूमीची उत्पत्ति सांगितली आहे. समुद्रावर रोखलेला रामाचा बाण परत घेतां येईना, तेव्हां समुद्रानें उत्तरेकडील द्रुमकुल्य नांवाचा आपला भाग त्यास दाखविला. बाण तेथें पडला, पाणी आटलें, आणि तो प्रदेश मरुकांतार झाला. पुढें रामानेंच त्या भूमीस वर दिला, कीं ती गुरांस मानवेल, तेथें रोग थोडे होतील, आणि दूधतूप विपुल होईल. वर्गांत हा भाग शिकवितांना तें आम्हांस कवीचें नुसतें सांत्वन वाटत असे. प्रत्यक्ष पाहिल्यावर वाटलें कीं, वर खराच फळला आहे. मात्र तो फळविण्यास माणसांना पिढ्यान् पिढ्या पाण्याचा हिशेब ठेवावा लागला आहे. या प्रवासांत आम्हीं जें पाहिलें तें मुख्यत्वें हा हिशेबच होय.

अहमदाबादेस गाडी बदलून आम्ही प्रथम जोधपुरास उतरलों. राव जोधा यांनीं हें नगर १४५९ सालीं वसविलें. मेहरानगडचा कडा खालून पाहतांना मान दुखूं लागते. तट, महाल, निळ्या रंगाचीं घरें यांचें वर्णन अनेकांनीं केलेंच आहे, म्हणून आम्ही तें गाळतों. तात्यांनीं आम्हांस प्रथम नेलें तें ‘तूरजी का झालरा’ या पायऱ्यांच्या विहिरीवर. अठराव्या शतकांत महाराजा अभयसिंहांच्या राणीनें ती बांधविली. तांबड्या दगडाच्या पायऱ्यांच्या रांगा खालीं खालीं उतरत जातात आणि तळाशीं हिरवें पाणी दिसतें. मध्यंतरीं अनेक वर्षें ती गाळानें व कचऱ्यानें भरून गेली होती. अलीकडे ती उपसून साफ केली, तेव्हां हें सर्व पुन्हा उजेडांत आलें. नळ आले म्हणजे विहिरी कचराकुंड्या होतात, ही गोष्ट आमच्या गांवींही घडलेली आहे. तात्या पायरीवर बसून बराच वेळ कांहींच बोलले नाहींत.

त्याच शहरीं उमेदभवन हा प्रचंड राजवाडा आहे. १९२९ पासून १९४३ पर्यंत तो बांधला जात होता. दुष्काळानें गांजलेल्या रयतेस काम मिळावें, हा त्या बांधकामाचा एक हेतु होता. हें ऐकतांच आम्हांस १९७२ सालचा आपल्याकडील दुष्काळ आठवला. आम्ही तेव्हां शाळकरी वयाचे होतों. माणदेशांत मामांच्या गांवीं माणसें रस्त्याच्या कडेला खडी फोडीत आणि दुपारीं सुकडी मिळे. तिची चव अद्याप जिभेवर आहे. तेथें खडी झाली, येथें राजवाडा झाला. घाम मात्र एकाच जातीचा.

जोधपुराहून आगगाडीनें बिकानेरास गेलों. जोधांचे पुत्र राव बिका यांनीं १४८८ सालीं वसविलेलें हें नगर सपाटीवर आहे, आणि राजा रायसिंहांच्या वेळीं, १५८९ ते १५९४ या काळांत, बांधलेला जुनागड किल्लाही सपाटीवरच आहे. नानांच्या गुडघ्यांनीं त्याबद्दल राव बिकांस दुवा दिला. येथील प्रसिद्ध भुजिया मटकीच्या पिठाची करितात, हें पाहून नाना थक्क झाले. थोड्या पावसावर येणारें कडधान्य तेंच, म्हणून पक्वान्नही त्याचेंच. भाजी सांगरीची, म्हणजे खेजडीच्या शेंगांची; आणि खेजडी म्हणजे दसऱ्यास आपण जिची पूजा करितों ती शमी. आपल्याकडे जी पूजेपुरती उरली आहे, ती येथें रोजच्या पानांत वाढली जाते.

संवत १९५६ सालीं, म्हणजे १८९९-१९००च्या सुमारास, या मुलुखांत जो घोर दुष्काळ पडला त्यास लोक अद्याप ‘छप्पनिया’ म्हणतात. त्या वेळीं बिकानेरचे महाराजा गंगासिंह पुरते वीस वर्षांचेही नव्हते. पुढें १९२७ सालीं सतलजचें पाणी त्यांनीं गंग कालव्यानें आपल्या राज्यांत आणलें. वाळूंत पाणी जिरूं नये म्हणून त्या कालव्यास पक्कें अस्तर दिलें होतें. तात्यांनीं तें इतक्या आवेशानें समजावून सांगितलें कीं, जणूं काय कालवा त्यांच्याच देखरेखीखालीं झाला. आम्हांस मात्र तेथील दुसऱ्या एका राजाचें अगत्य अधिक. महाराजा अनूपसिंह सतराव्या शतकांत मोंगलांच्या बाजूनें दक्षिणेच्या मोहिमांत होते. इतर सरदार लुटींतून सोनें नेत, यांनीं संस्कृत पोथ्या गोळा करून नेल्या. अनूप संस्कृत ग्रंथालय तें याच संग्रहाचें. आमच्या दक्षिणेंतल्या पोथ्या वाळवंटांत सुखरूप राहाव्या, हा योग आम्हांस विचित्र वाटला. त्याचा अर्थ जेसलमेरास उलगडला.

बिकानेरहून बसनें दिवसभर वाळू, खुरट्या बोरी आणि उंट पाहत सायंकाळीं जेसलमेरास पोंचलों. मावळत्या उन्हांत सबंध किल्ला हळदीनें माखल्यासारखा पिवळा दिसतो. सत्यजित राय यांच्या ‘सोनार केल्ला’ या १९७४ सालच्या चित्रपटामुळें बंगाली प्रवासी येथें फार येतात. रावळ जैसल यांनीं ११५६ सालीं या त्रिकूट टेकडीवर हा किल्ला बांधावयास घेतला असें सांगतात. टेकडी अडीचशें फूट, बुरूज नव्याण्णव. आणि विशेष हें कीं, किल्ल्यांत आजही गृहस्थांचीं घरें नांदतीं आहेत. अशाच एका घरीं, तटालगतच्या खोलींत, आम्हीं चार रात्रींसाठीं बिऱ्हाड केलें. पाठीवर ओझें घेऊन चढतांना तात्यांच्या नियमाचें मोल तिघांसही कळलें.

दुसऱ्या दिवशीं किल्ल्यांतील जैन मंदिरें व जिनभद्रसूरींचें ज्ञानभांडार पाहिलें. कांचेमागें ठेवलेलीं ताडपत्रें पाहून आम्हीं नकळत हात जोडले. मुंबई इलाख्याच्या शिक्षणखात्यांतील जर्मन पंडित ब्यूलर हे १८७४ सालीं या किल्ल्यावर आले, आणि येथील ग्रंथसंग्रहांत त्यांस बिल्हणाचें ‘विक्रमाङ्कदेवचरित’ सांपडलें. दुसऱ्याच वर्षीं तें मुंबईस छापून निघालें. वाचकांनीं क्षणभर विचार करावा. कवि काश्मीरचा, नायक कल्याणीचा चालुक्य राजा, ज्याच्या राज्यांत आपला बराचसा महाराष्ट्र होता, आणि काव्य हातीं लागलें तें मरुभूमींतल्या एका तळघरांत. आपल्याकडे पाऊस, वाळवी व बुरशी यांनीं ताडपत्रें खाऊन टाकिलीं. येथील कोरड्या हवेनें तीं राखिलीं. जेथें पाणी नाहीं तेथें विद्या टिकली, असें आम्ही मोठ्या ऐटींत नानांस म्हणालों.

त्याच सायंकाळीं तात्या आम्हांस किल्ल्याखालीं बाहेरच्या वाटेनें घेऊन गेले. एके ठिकाणीं ते थांबले आणि काठीनें वर दाखवूं लागले. पिवळ्या दगडावर एक काळसर ओल वरून खालपर्यंत उतरली होती.

“मास्तर,” तात्या म्हणाले, “ही ओल कोठली, सांगा पाहूं.”

आम्ही गप्प राहिलों.

“येथें वर्षाला आठ इंच पाऊस. म्हणजे ही ओल पावसाची नव्हे. ही मोरीची.”

मग त्यांनीं समजावून सांगितलें. किल्ला बांधणारांनीं येथें पाणी घड्यांनींच येईल हें गृहीत धरलें होतें. आतां नळ आले, न्हाणीघरें झालीं, प्रवाशांसाठीं शौचकूप झाले. सांडपाणी खालीं मुरतें, दगडाखालची माती भिजून फुगते व सरकते. गेल्या काहीं दशकांत कांहीं बुरूज ढासळलेही. डागडुजी झाली आहे, मोऱ्या नव्यानें घातल्या आहेत. तरी धोका टळला असें म्हणवत नाहीं. २०१३ सालीं हा किल्ला जागतिक वारशाच्या यादींत गेला, त्यामुळें पाहुणे वाढले. वेढे आणि अवर्षणें सोसून उभा असलेला किल्ला पाण्यानें खचूं पाहत होता, आणि त्या पाण्यांत सकाळच्या आमच्या दोन बादल्या होत्या. कृष्णेच्या घाटावर वाढलेल्या माणसास दोन बादल्या म्हणजे संयमच वाटे!

रात्रीं वाद झाला. नाना म्हणाले, “अहो, तीन म्हाताऱ्यांच्या सहा बादल्यांनीं किल्ला पडतो काय?” तात्या म्हणाले, “पोस्टांत एका पत्रानें थैली भरत नाहीं, पण भरते ती एकेका पत्रानेंच ना?” नाना चिडून भिंतीकडे तोंड करून निजले. आम्हांस मात्र वर्गांतलीं मुलें आठवलीं. फळ्यावर कोणीं लिहिलें असें विचारलें कीं प्रत्येकजण म्हणे, मीं एकच अक्षर लिहिलें!

सकाळीं घरमालकीणबाईंशीं बोललों. त्या सत्तरीच्या होत्या. आम्ही त्यांस माताजी म्हणत होतों. चौदाव्या शतकांत रावळ गडसी यांनीं बांधविलेल्या गडीसर तलावांतून त्यांची सासू डोक्यावर घागरी घेऊन हा चढ चढत असे. धुतलें पाणी भांड्यांस, भांड्यांचें पाणी गाईस. जमिनींत जावयास उरेच काय? आतां पंजाबांत सतलज-बियासच्या संगमापासून साडेसहाशें किलोमीटर कालव्यानें पाणी या जिल्ह्यांत आलें आहे. “भाईजी, घागर कोणास पाहिजे होती? नळ आला त्या दिवशीं आम्ही बायका रडलों, आनंदानें,” त्या म्हणाल्या. आम्ही खालीं बिऱ्हाड हलवितों, पैसे मात्र चारही रात्रींचे घ्यावे, असें तात्या म्हणाले. त्यावर त्यांनीं मान हलविली. “तुम्ही जाल, उद्यां दुसरे येतील. पाहुणे आले नाहींत तर माझें घर कसें चालावें? आणि न राहिलेल्या रात्रीचा पैसा मला पचणार नाहीं.”

या उत्तरास आमच्या कोणाजवळच प्रत्युत्तर नव्हतें. किल्ला वाचावा हें खरें, आणि किल्ल्यांतल्या माणसांची चूल पेटावी हेंही तितकेंच खरें. शेवटीं तोड काढली ती रात्रभर रुसलेल्या नानांनीं. बिऱ्हाड खालीं गांवांत न्यावें, आणि दोन्ही वेळचें जेवण माताजींकडे पैसे देऊन करावें. माताजी हंसल्या आणि हिशेब पटला. पुढले दोन दिवस बाजरीची भाकरी व सांगरीची भाजी खाण्यासाठीं आम्ही दोनदां तो चढ चढलों. आणि नानांच्या गुडघ्यांनीं चकार शब्द काढला नाहीं.

खालच्या बिऱ्हाडींही आम्हीं बादली भरली नाहीं. धर्मशास्त्रांत ओल्या वस्त्रानें सर्वांग पुसण्यास कापिल स्नान म्हटलें आहे. तें आम्हीं जन्मभर आजाऱ्याची सवलत म्हणून शिकविलें. पौषाच्या थंडींत एका तांब्यांत पंचा भिजवून तें केलें, आणि मनास उणें वाटलें नाहीं. हट्टानें नेलेला तांब्या असा कामास आला.

निघण्यापूर्वीं कुलधरा हें पालीवाल ब्राह्मणांचें ओसाड गांव पाहिलें. उतारावर आडवा बांध घालून पावसाचें पाणी अडवावयाचें, आणि तें जिरल्यावर त्या ओलीवर गहू-हरभरा पेरावयाचा, ही ‘खडीन’ची शेती त्यांनीं या मुलुखांत जोपासली. एकोणिसाव्या शतकाच्या आरंभीं त्यांनीं गांव सोडलें. लोक एका दिवाणाच्या जुलमाची कथा सांगतात. पाणी आटल्याचेंही कारण अभ्यासक देतात. घरें मोडलीं आहेत, परंतु गल्ल्या सरळ आहेत. तात्या म्हणाले, “बांधणारे शहाणे होते हो.” आम्हांस वाटलें, शहाण्यांसही गांव सोडावें लागतें, मग आमची काय कथा?

आतां वाईस परत येऊन दोन महिने झाले. कृष्णा आहे, नळ आहे, आणि महाबळेश्वरचा डोंगर डोक्याशींच आहे; जेसलमेरास वर्षभर पडणारा पाऊस तेथें आषाढांतल्या एका दिवसांतही पडून जातो. घरांत कोणी आम्हांस अडविणारें नाहीं. तरी सकाळीं नळाखालीं एकच बादली भरते. दुसरी भरण्यास हात जातो, तेव्हां त्या दगडावरून उतरलेली काळसर ओल दिसते, आणि हात आपोआप मागें येतो. सून विचारते, “मामंजी, पाणी तापवूं का अजून?” आम्ही म्हणतों, “पुरे.”