काजळीत निवडलेले पंख

पांढऱ्यावर जाडसर मिरपूड भुरभुरावी तसे त्याचे पंख. बिस्टन बेट्युलारिया या इंग्लंडातल्या पतंगाचे छायाचित्र कितीदाही समोर घेतले, तरी मला आधी खोडच दिसते. मग हळूच कड उमटते, मिशा उमटतात, आणि सालीचा एक तुकडा जिवंत होतो. ती किमया एकट्या पतंगाची नाही. खोडावर दगडफुलाचे करडे-पांढरे पोपडे असतात, आपण गोड्या मसाल्यात घालतो त्याचेच भाईबंद. त्यांच्यात तो विरून जातो.

मग मँचेस्टरच्या गिरण्यांची धुराडी पेटली. कोळशाच्या धुरातल्या गंधकी वायूने दगडफूल मेले, उघड्या सालीवर काजळी बसली. 1848 मध्ये तिथे एक पार काळा पतंग नोंदला गेला. 1895 पर्यंत तिथल्या शंभरातले 98 काळे होते. वर्षाला एकच पिढी, म्हणजे पन्नास पिढ्याही लागल्या नाहीत.

धुराने पतंग काळे झाले, असे आपण सहज बोलून जातो. ते मला सलते. एकाही पतंगाने आपला रंग बदलला नाही. डीएनएचा एक भटका तुकडा एका जनुकात घुसला आणि काळेपणा जन्मला. 2016 च्या संशोधनाने ती घटना 1819 च्या सुमाराची ठरवली. बाकीचे काम चोचींचे. काळ्या सालीवर पांढरे पंख उठून दिसत, आणि पक्षी ते टिपत. त्या 98 च्या आकड्यामागे हे सगळे खाल्ले गेलेले पांढरे जीव आहेत. त्यांची मोजदाद कुणी ठेवली नाही, माझे मन मात्र त्यांच्याशीच रेंगाळते.

1956 मध्ये ब्रिटनने स्वच्छ हवेचा कायदा केला. साली उजळू लागल्या, दगडफूल परतले, आणि आता काळ्यांवर पाळी आली. पक्षी खरेच निवड करतात का, यावर मात्र वाद पेटला होता. तेव्हा केंब्रिजचे मायकेल मेजरस यांनी 2001 पासून आपल्याच बागेत, वर्षामागून वर्षे, 4,864 पतंग सोडले. पहाटे ते खिडकीतून दुर्बीण लावून बसत आणि रॉबिन, ब्लॅकबर्ड पतंग टिपताना प्रत्यक्ष पाहत. काळे अधिक मारले जात होते. 2009 मध्ये मेजरस गेले. त्यांचे हे आकडे इतर शास्त्रज्ञांनी 2012 मध्ये प्रसिद्ध केले.