एंट्री फक्त एक!

क्रोएशियात स्प्लिटहून दुब्रोव्हनिकला निघालो, तर भाड्याच्या गाडीतल्या जीपीएसबाईंचा एकच धोशा: नेऊममार्गे चला. रस्ता मस्त, समुद्राला खेटून. पण नेऊम पडतं बोस्नियात! त्या देशाची वीसेक किलोमीटरची किनारपट्टी क्रोएशियाच्या मध्येच घुसलीय. आमच्याकडे फक्त शेंगेन व्हिसा, तोही सिंगल एंट्रीचा. मागितला होता मल्टिपल, कारण कुणी सांगितलं नाही. क्रोएशिया २०२३ पासून शेंगेनमध्ये. एकदा बाहेर पडलं की एंट्री खलास, आणि परतीचं विमान झाग्रेबहून.

सुटका केली पेल्येशाट्सच्या पुलाने. २०२२च्या जुलैत खुला झालेला, २.४ किलोमीटरचा. पैसे मुख्यतः युरोपियन युनियनचे, बांधकाम चिनी (असो!). बोस्नियाला बगल देऊन थेट पुढे. बाईंच्या जुन्या नकाशात तो नव्हताच. स्क्रीनवर आमची गाडी चक्क समुद्रात तरंगत होती. मी हसून बेजार.

नवरा मात्र गप्प. त्याला बोस्नियातल्या मोस्तारचा पूल बघायचा होता, १९९३च्या युद्धात पडलेला, २००४ मध्ये पुन्हा उभा राहिलेला. मोस्तारकडे वळणारा रस्ता मागेच गेला होता. दुब्रोव्हनिकच्या हॉटेलात काउंटरवर मोस्तारच्या एक दिवसाच्या टूरची पत्रकं ठेवली होती. त्याने एक उचललं, घडी केली आणि पासपोर्टच्या पाऊचमध्ये ठेवून दिलं.