फार्गोचे काय करायचे?

मोटारीच्या आर. सी. बुकात दोन नंबर असतात. एक इंजिनाचा, एक चासीचा. ते बुक वर्षानुवर्षे ट्रंकेत पडून असते, आणि या दोन नंबरांत कधी भांडण लागेल अशी शंकाही कुणाला येत नाही. आमच्या घरात मात्र गेल्या पाडव्यापासून ते लागले आहे.

गाडी म्हणजे दादांचा १९५७ सालचा फार्गो ट्रक. कुर्ल्याच्या प्रीमियर कारखान्याचे डॉज, डिसोटो आणि फार्गो म्हणजे एकाच आईची तीन लेकरे. नाकावरची पाटी काय ती वेगळी. आमच्या लेकराने लासलगावचा कांदा कसारा घाट उतरून मुंबईला नेला, दोन बहिणींच्या लग्नांत वऱ्हाडे वाहिली, आणि एके दिवशी गोठ्यामागच्या चिंचेखाली तो बसला तो बसलाच. इंजिनाचा ब्लॉक तडकला आहे. गाडी पुन्हा रस्त्यावर आली पाहिजे, आणि तीही दादांच्या डोळ्यांदेखत, असा पुतण्याचा हट्ट. दादांना त्र्याण्णवावे चालू आहे, तेव्हा वाद घालायला फारसा वेळ नाही.

पुतण्याचा बेत सरळ होता. टाटा ४०७ ची जुनी चासी इंजिनासकट घ्यायची आणि तिच्यावर फार्गोची केबिन चढवायची. "काका, ब्रेक खात्रीचे, स्टेअरिंग हलके, आणि पार्ट कुठल्याही गावात मिळतो!" हे खोटे नव्हते. ४०७ बाजारात आली १९८६ साली, आणि आजही तिचा मिस्त्री शोधायला तालुक्याच्या बाहेर जावे लागत नाही. उलट अण्णांचे म्हणणे, इंजिन तेच दुरुस्त करा. "तो आवाज गेला तर गाडीत राहिले काय?"

गंमत अशी, की तो आवाज फार्गोचा नव्हेच. मूळचे पेट्रोल इंजिन दादांनी १९६४ साली काढले आणि पर्किन्सचे डिझेल बसवले. डिझेल स्वस्त, आणि लिटरमागे पळतेही जास्त. त्या काळी अनेक ट्रकवाल्यांनी हेच केले. मद्रासची सिम्पसन कंपनी ती इंजिने बनवी. आता इंजिन बदलणे म्हणजे काही दिवा बदलणे नव्हे. डिझेलचे धूड जड, म्हणून पुढचे पाटे वाढवावे लागले. ते पेट्रोलइतके भराभर फिरत नाही, म्हणून डिफरन्शलचे दातेही बदलले. नाहीतर गाडी सपाटीवर बैलगाडीच्या चालीने गेली असती. सर्वांत मोठी मेख ब्रेकची. पेट्रोल इंजिन हवा ओढताना जी पोकळी निर्माण होते, तिच्यावर ब्रेकला जोर मिळत असे. डिझेलमध्ये ती पोकळी नसते. त्यासाठी वेगळा पंप जोडावा लागतो. तो न जोडता कुणी कसारा घाट उतरू लागला असता, तर पुढचा वृत्तान्त सांगायला तो परत आला नसता. हे सारे दादांनी निस्तरले. अण्णा ज्या आवाजासाठी गहिवरतात तो असा दत्तक आलेला आहे.

'मिलिंदपञ्ह' या पाली ग्रंथात भिक्षू नागसेन मिलिंद राजाला विचारतो, तू रथातून आलास ना, मग रथ म्हणजे काय? चाके? आस? दांडी? राजा प्रत्येकाला नाही म्हणतो. मी मास्तर असल्यामुळे हे घरी ऐकवले. मिस्त्री चहा पीत होता. तो म्हणाला, "मास्तर, त्या राजाला चासी नव्हती."

मग त्याने आम्हां तिघांना ट्रकखाली निजवले. दोन उभे पोलादी पन्हाळे, त्यांना जोडणाऱ्या आडव्या पट्ट्या, सगळे रिव्हेटने ठोकलेले. त्याने हातोडीने टोकापासून टोकापर्यंत ठोकत नेले. नाद कुठेही बद्द आला नाही. डाव्या पन्हाळ्यावर दादांनी घातलेली ठिगळाची पट्टी होती, वेल्डिंग न करता बोल्टांनी आवळलेली, कारण आचेने पोलाद नरमते हे त्यांना ठाऊक होते. हौदा दोनदा बदलला त्याची भोके होती. आणि गंजाखाली ठोकलेला नंबर होता, बुकातलाच. पुतण्या बराच वेळ त्यावर बोट फिरवीत राहिला.

कायद्याचेही मत मिस्त्रीसारखेच आहे. इंजिन बदलले तर परवानगी काढून नवा नंबर बुकात चढवता येतो. पण केबिन दुसऱ्या चासीवर गेली, की कागदोपत्री गाडी त्या चासीची. आम्ही ४०७ ला फार्गोचा मुखवटा घातला असता, एवढेच. २०२१ साली सरकारने पन्नास वर्षांवरच्या गाड्यांसाठी विंटेज नोंदणीचे नियम काढले; पण त्यांत इंजिन-चासीत मोठा फेरफार चालत नाही. त्या पंगतीतून दादांनी आम्हांला १९६४ सालीच उठवले आहे. शिवाय ते नियम दुचाकी-चारचाकींचे, आणि आमच्या ट्रकला चाके सहा.

शेवटी इंजिनच बदलायचे ठरले. विहिरीच्या कॉम्प्रेसरवरून उतरवलेले एक पर्किन्स भंगारात मिळाले. दादांनी एकच विचारले, "ब्रेकचा पंप त्याच्याबरोबर आहे का?" पंप नव्हता, तो जुन्या इंजिनावरचा काढून साफ करायला पुतण्या बसला आहे. इंजिन परवा घरी आले. आणले ते भाड्याच्या ४०७ मधून.