सारखीं पावलें

‘आठ दिवसांनीं या’ असें सोमवारीं एखाद्यास सांगितलें, तर तो मनुष्य पुढच्या सोमवारीं बिनचूक दारांत उभा राहतो. सोमवारपासून सोमवारपर्यंतचें अंतर वास्तविक सात दिवसांचें. पण बोलणारा आरंभींचाही सोमवार मोजतो आणि शेवटचाही, म्हणून आठ. ‘आठवडा’ ह्या शब्दांत हाच हिशेब मुरलेला आहे. फ्रेंच लोकही आठवड्यास ‘आठ दिवस’ व पंधरवड्यास ‘पंधरा दिवस’ म्हणतात, तेव्हां ही लकब आपल्यापुरती नव्हे. आपल्या संगीतानें मात्र उलट वाट धरली. सा पासून नी पर्यंत सात स्वर झाले कीं सप्तक पुरें. वरचा सा पुढच्या सप्तकाचा. पाश्चात्त्य गवई तोच वरचा सा ह्याच मापांत ओढून घेतो आणि त्या अंतराला आठाचें नांव देतो. सूर तेच, अंतर तेंच. शेवटचा खांब कोणाच्या हद्दींत रोवावयाचा एवढाच काय तो भेद.

अंतरें मोजावयाचीं कीं खांब, हा प्रश्न फार जुना आहे. इसवी सनापूर्वीं पहिल्या शतकांतील रोमन वास्तुशास्त्रज्ञ व्हिट्रुव्हियस यानें ह्याच चुकीबद्दल शिल्पकारांस टोकलें आहे. देवळाची लांबी रुंदीच्या दुप्पट करावयाची, तर खांबांमधील अंतरें दुप्पट करावीं, खांब नव्हेत. खांब दुप्पट केले कीं लांबींत एक अंतर उगाच वाढतें. घरांतही हें पदोपदीं येतें. सकाळीं आठपासून रात्रीं आठपर्यंत दर चार तासांनीं औषध द्यावयाचें, तर अंतरें तीन पण मात्रा चार. बारा भागिले चार म्हणून तीनच पुड्या बांधून आणणाऱ्यास चौथी मात्रा आठवते ती रात्रीं, औषधांचें दुकान बंद होण्याच्या सुमारास.

संगणकाकडून सारख्या अंतराच्या संख्यांची ओळ करवून घ्यावयाची म्हणजे ह्या जुन्या घोळांत एका नव्याची भर. काम दिसावयास अगदीं क्षुल्लक. आलेखाच्या अक्षावर खुणा पाहिजेत: शून्य, एक दशांश, दोन दशांश, असें करीत नऊ दशांशांपर्यंत. नवशिका काय करतो? शून्य घेतो, त्यांत ०.१ मिळवतो, पुन्हां मिळवतो, आणि बेरीज एकापेक्षां कमी आहे तोंवर हेंच चालूं ठेवण्याची आज्ञा देतो. दहा संख्या यावयाच्या. येतात अकरा! अकरावी संख्या असते ०.९९९९९९९९९९९९९९९९. बेरीज बरोबर एक झाली म्हणजे थांब, असें सांगितलें असेल तर यंत्र थांबतच नाहीं, कारण बरोबर एक हा मुक्काम त्याच्या वाटेवर लागतच नाहीं.

ह्यांत यंत्राचा आळस नाहीं, कीं कारागिराची कसूर नाहीं. आपण एक तृतीयांश दशमानांत लिहूं लागलों तर तीनाचे आंकडे संपत नाहींत; कोठें तरी लेखणी उचलावी लागते. संगणक द्विमानांत लिहितो. त्याच्याजवळ अर्धा, पाव, अर्धपाव, त्याचा अर्धा, अशींच मापें. त्या मापांनीं एक दशांश कधींच पुरा भरत नाहीं. आजच्या रूढ पद्धतींत त्रेपन्न द्विमान स्थळें झालीं कीं यंत्र लेखणी उचलतें. त्यामुळें त्याचा ‘दशांश’ खऱ्या दशांशाहून केसभर मोठा असतो. शिवाय प्रत्येक बेरजेनंतर पुन्हां एकदां जवळची संख्या पतकरावी लागते, आणि ही तडजोड कधीं वर झुकते, कधीं खालीं. तीन पावलांनंतर ०.३०००००००००००००००४ अशी संख्या निघते, दहा पावलांनंतर एकाहून केसभर कमी. पहिल्या संख्येचें तें लांबलचक शेपूट आलेखाखालीं तसेंच छापलेलें आम्हीं पाहिलें आहे. छापणाऱ्यास त्याचें कांहींच वाटलें नव्हतें, हें विशेष.

येथें आम्हांस आमच्या वडीलधाऱ्या मंडळींचे अपूर्णांकांचे पाढे आठवतात. पावकी, निमकी, पाऊणकी, सवायकी, दिडकी, अडीचकी, औटकी; ह्या सगळ्या सारख्या अंतराच्या ओळीच होत, आणि एका पिढीनें त्या तोंडपाठ म्हटल्या. गंमत अशी, कीं ह्या पाढ्यांपैकीं एकांतही संगणक चुकत नाहीं. पाव आणि अर्धा हीं त्याच्या घरचींच मापें. शून्यापासून पावापावानें तो हजार पावलें चालला तरी अडीचशांवर नेमका येऊन उभा राहील. जुन्या नाण्यांचेंही तसेंच. रुपयाचे सोळा आणे, आण्याचे चार पैसे, म्हणजे रुपयाचे चौसष्ट पैसे. चौसष्टावा हिस्सा द्विमानांत सहा स्थळांत बिनबाकी बसतो. १ एप्रिल १९५७ रोजीं रुपयाचे शंभर नवे पैसे झाले. कागदावरचा हिशेब सोपा झाला खरा, पण शंभरावा हिस्सा द्विमानांत कधींच पुरा लिहितां येत नाहीं. म्हणून पैशांचे हिशेब करणारे शहाणे प्रोग्रामर आज रुपयांचे अपूर्णांक ठेवण्याऐवजीं पैसे पूर्णांकांत मोजतात. जुनी पद्धत निर्दोष होती असें मात्र कोणी समजूं नये. पैशाचा तिसरा हिस्सा जी पै, ती तेव्हांही द्विमानांत मावली नसती.

केसभर चुकीचें एवढें काय, असें वाचक म्हणतील. २५ फेब्रुवारी १९९१ रोजीं सौदी अरेबियांतील धाहरान येथें इराकी स्कड क्षेपणास्त्र अमेरिकन सैनिकांच्या बराकीवर पडलें आणि अठ्ठावीस सैनिक मारले गेले. तें अडविण्यासाठीं पेट्रिअट क्षेपणास्त्रांचा तळ तेथें सज्ज होता. त्यानें एकही अस्त्र सोडलें नाहीं. त्याचें घड्याळ सेकंदाच्या दशांशांनीं मोजी. मोजणी पूर्णांकांत, म्हणजे निर्दोष. पण तिचे सेकंद करतांना तिला ज्या ‘एक दशांशा’नें गुणीत, तो चोवीस द्विमान स्थळांत छाटलेला होता. छाटलेला तुकडा सुमारें ०.०००००००९५ एवढाच. यंत्रणा शंभर तासांहून अधिक वेळ सतत चालू होती. शंभर तासांचे दशांश छत्तीस लक्ष. तेवढ्यानें गुणिलें कीं चूक होते सुमारें ०.३४ सेकंद. स्कड सेकंदाला दीड किलोमीटरहून अधिक धांवतें. यंत्रणेनें आकाशाच्या भलत्याच भागांत पाहिलें, आणि तेथें कांहींच नव्हतें. अमेरिकन सरकारच्या लेखापरीक्षण कार्यालयानें १९९२ सालीं ह्याचा अहवाल प्रसिद्ध केला. दुरुस्त आज्ञावली धाहरानला पोंचली ती दुसऱ्या दिवशीं, २६ फेब्रुवारीस.

तर मग ओळ स्वच्छ कशी करावी? पावलावर पाऊल टाकीत जाऊं नये, एवढेंच आमचें सांगणें. मागच्या संख्येस अंतर मिळवून पुढची काढली, कीं मागचीची चूक पुढचीच्या पदरीं येते. त्याऐवजीं मोजणी पूर्णांकांत ठेवावी, शून्य, एक, दोन, तीन, दहापर्यंत, आणि प्रत्येक पद त्या मोजणीवरून नव्यानें काढावें. तेंही शक्य तेथें भागाकारानें. तीनास ०.१ नें गुणिलें तर तेंच शेपूट पुन्हां येतें. तीनास दहानें भागिलें तर यंत्र ०.३ च्या अगदीं जवळची जी संख्या त्याला माहीत आहे ती देतें, आणि छापतांना ती ०.३ अशीच दिसते. भास्कराचार्यांच्या ११५० च्या ‘लीलावती’ंत श्रेढीव्यवहारामध्यें शेवटचें पद काढण्याची हीच रीत आहे: पदसंख्येंतून एक वजा करावा, चयानें गुणावें, आदि मिळवावा. मधल्या पदांवरून चालत जाण्याची गरज नाहीं. आणि तो वजा केलेला एक म्हणजे व्हिट्रुव्हियसचा जादा खांबच होय.

पायथन भाषेंतील ‘रेंज’ ही सोय अपूर्णांकी अंतर स्वीकारीतच नाहीं. दिल्यास ती चूक दाखवून थांबते. नवशिक्यांस हा तिचा कद्रूपणा वाटतो, आम्हांस शिष्टाचार वाटतो. नमपाय ह्या गणिती संग्रहांत ‘अरेंज’ नांवाची मोकळ्या हाताची सोय आहे. तिला अंतर सांगावयाचें, आणि शेवटची मर्यादा वगळून ओळ मिळवावयाची. पण एकापासून १.३ पर्यंत ०.१ च्या अंतरानें मागितलें असतां ती तीनाऐवजीं चार संख्या देते, वगळावयाचा १.३ त्यांत असतोच. अपूर्णांकी अंतरासाठीं ‘लिनस्पेस’ वापरा असें तिच्या माहितीपत्रकांतच सांगितलें आहे. लिनस्पेसला अंतर सांगावयाचें नसतें. दोन टोकें आणि खांबांची संख्या सांगावयाची. टोकें, संख्या आणि अंतर ह्यांपैकीं सर्वच आपल्या मर्जीनें ठरवितां येत नाहींत, एक तरी बाकीच्यांवरून निघालें पाहिजे. कोणतें, हें लिहिणाऱ्यानें आधींच उघड सांगणें ह्यालाच आम्ही स्वच्छता म्हणतों.

आतां शेवटच्या खांबाचा तंटा. डच संगणकशास्त्रज्ञ एड्सगर डाइक्स्ट्रा यानें ऑगस्ट १९८२ मध्यें एका छोट्या हस्तलिखित टिपणांत आरंभ घ्यावा व शेवट वगळावा असा कौल दिला. त्यामुळें दोन मर्यादांची वजाबाकी हीच पदांची संख्या होते, आणि एक ओळ संपते तेथेंच दुसरी सुरू होते. कोणी दोनदां मोजला जात नाहीं. हा सप्तकाचाच न्याय, आणि मोजणीपुरता तो आम्हांस पूर्ण मान्य आहे. परंतु मापनपट्टीवर शेवटची खूण नसेल तर ती पट्टी कोण घेईल? तेथें आठवड्याचा न्याय चालावयाचा.

आर्यभटानें तिसराच पर्याय घेतला. त्याच्या ‘आर्यभटीया’ंत, म्हणजे इसवी सन ४९९ च्या सुमारास, नव्वद अंशांचे चोवीस सारखे भाग केले आहेत. प्रत्येक भाग २२५ कलांचा. ज्या मात्र चोवीसच, पंचवीस नाहींत: शून्य अंशाची ज्या शून्यच, म्हणून त्यानें शेवटचा खांब ठेवून पहिलाच गाळला. शिवाय त्यानें ज्या न देतां लागोपाठच्या ज्यांमधील फरक दिले: २२५, २२४, २२२ असे उतरत उतरत शेवटीं ७. म्हणजे वाचणाऱ्यानें पावलावर पाऊल टाकीतच जावयाचें. पण ते सारे फरक पूर्ण कलांत आहेत. चोवीसही फरक एकामागून एक मिळवीत गेलें असतां बेरीज ३४३८ येते, आणि त्याच्या वर्तुळाची त्रिज्या नेमकी तेवढीच आहे.