अंबाडी म्हणा, गोंगूरा म्हणा

आमच्या आदिलाबादला पालेभाजीला दोन नावं असतात. घरात अंबाडी, बाजारात गोंगूरा. घरात माठ, बाजारात तोटकूर. घरात चुका, बाजारात चुक्ककूर. १९५६ साली राज्यांची पुनर्रचना झाली तेव्हा आदिलाबाद जिल्ह्यातले किनवट आणि राजुरा हे तालुके मराठी मुलखात गेले. आम्ही आंध्र प्रदेशात राहिलो आणि २०१४ पासून तेलंगणात आहोत. मध्ये पैनगंगा वाहते. अंबाडीला या सगळ्याचा पत्ताच नाही. ती दोन्ही काठांवर तितकीच आंबट आहे.

हे सगळं मला आठवायचं कारण म्हणजे माझी सहा वर्षांची भाची, दादाची धाकटी. दिवाळीच्या सुट्टीत नंदीग्राम एक्स्प्रेसने घरी पोचले तेव्हा तिची नुकतीच रक्ततपासणी झाली होती. हिमोग्लोबिन ९.४. त्या वयाला ते निदान ११.५ तरी असावं लागतं. डॉक्टरांनी लोहाचं सिरप दिलं, जंताची गोळी दिली आणि वर सांगितलं, "पालेभाज्या खाऊ घाला."

वहिनी म्हणाली, "खाऊ घाला म्हणणं सोपं हाय. पोट्टी तोंडच उघडत नाही."

खरंच उघडत नव्हती. ताटात हिरवं दिसलं की ती ताट सरकवायची. दादा रागवायचा, आई गोष्टी सांगायची, वहिनी पोळीत लपवून द्यायची. ती पोळी उलगडून आतलं हिरवं वेचून बाहेर काढायची, गव्हातले खडे निवडावेत तसं.

मग एक दिवस ती शाळेतून आली आणि दप्तर टाकतच म्हणाली, "आत्या, आज शाळेत गोंगूरा पप्पू होता. मी दोनदा घेतला!"

मी वहिनीकडे पाहिलं. आदल्याच रात्री या बाईसाहेबांनी अंबाडीचं ताट परत पाठवलं होतं.

मी तिला काही बोलले नाही. विचार मात्र करत राहिले. पान तेच. मग फरक कशात होता? आमच्या घरची अंबाडी म्हणजे हिरव्या मिरचीचा ठेचा, लसणाची झणझणीत फोडणी, वरून कच्चं तेल आणि भाकरी. शेतावरून थकून आलेल्या माणसाचं ते जेवण. शाळेचा पप्पू म्हणजे तुरीच्या डाळीत शिजून विरघळलेला पाला, तिखट बेताचं आणि सोबत भात. शिवाय शाळेत ती पंगतीत बसते. शेजारची खाते म्हणून हीही खाते. घरी ती एकटी जेवायची आणि चार मोठी माणसं तिच्या घासाकडे टक लावून बसायची. म्हणजे पोरगी पाल्याला नको म्हणत नव्हती. तिला नको होतं ते तिखट, आणि तो पहारा.

सरकारी पीएम पोषण योजनेत पहिली ते पाचवीच्या मुलामागे रोज १०० ग्रॅम धान्य, २० ग्रॅम डाळ आणि ५० ग्रॅम भाजी धरलेली असते. ५० ग्रॅम पाला म्हणजे मोठी मूठभर. शिजला की दोन-तीन चमचे. आपण मुलांना वाटीभर वाढतो आणि दोन चमचे खाल्ले तर "काहीच खाल्लं नाही" म्हणतो. ताटात डाव्या बाजूला चिमूटभर चटणी वाढतो ना, तशीच मुलांची भाजी बाजूला, थोडीशी वाढावी. संपली तर ती स्वतःच मागते.

मग वहिनीने आणि मी जे केलं ते इथे सांगते. हॉस्टेलवर किंवा रूम घेऊन राहणाऱ्यांनाही हे जमेल.

अंबाडी : पानं खुडून धुवायची आणि थोड्या पाण्यात एक उकळी आणायची. आंबटपणा फार असेल तर ते पाणी ओतून द्यायचं. शिजलेल्या तुरीच्या डाळीत हळद, मीठ आणि सुपारीएवढा गूळ घालून पाला घोटायचा. इथे मुलांचा वाटा बाजूला काढायचा. त्यावर तुपात जिरं आणि लसणाची साधी फोडणी. मोठ्यांच्या पातेल्यात मग हवा तेवढा ठेचा जाऊ दे.

माठ : बारीक चिरून लोखंडी कढईत लसणावर परतायचा. झाकण ठेवायचं नाही. झाकलं की पाल्यातल्या आम्लाची वाफ आतच राहते आणि हिरवा रंग काळपट होतो. मुलं आधी डोळ्यांनी खातात. मीठ शेवटी घालायचं, कारण कढईभर दिसणारा पाला बघता बघता मूठभर होतो आणि आधी घातलेलं मीठ जास्त होतं. उतरवताना शेंगदाण्याचा जाडसर कूट. आमच्याकडे तेलुगू शेजारणी अशा कोरड्या भाजीला वेपुडू म्हणतात.

भेंडी : धुऊन, पुसून अगदी कोरडी करायची, मगच पातळ चकत्या. मोठ्या आचेवर न झाकता परतायची. चिकटपणा गेला, कडा लालसर झाल्या की मीठ आणि लिंबू. ही भाजी दोघं भावंडं हाताने उचलून चिवड्यासारखी खातात.

लिंबाचं कारण नुसती चव नाही. पाल्यातलं लोह शरीरात सहज शिरत नाही. क जीवनसत्त्व सोबत असेल तर ते बरंच जास्त शोषलं जातं. आणि चहा नेमकं उलट करतो. आमच्याकडे लहान मुलांनाही जेवणाच्या आगेमागे कपभर चहा मिळतो. तो आम्ही बंद केला. सगळ्यात जास्त रडारड भाजीवरून नाही, या चहावरून झाली!

नवी चव मुलांना आपली वाटायला ती आठ-दहा वेळा, कधी त्याहूनही जास्त वेळा चाखावी लागते, असं आहाराचे अभ्यासक सांगतात. आपण तिसऱ्या वेळी हात टेकतो आणि "हिला आवडत नाही" असा शिक्का मारतो. तो शिक्का मूल स्वतःही खरा मानायला लागतं. म्हणून आम्ही घरात एकच नियम केला. तिच्यासमोर "हिला आवडत नाही" हे वाक्य बोलायचं नाही. आणि पानं खुडायला तिला सोबत बसवायचं. स्वतः खुडलेल्या भाजीबद्दल तिला भलताच अभिमान वाटतो. "आत्या, हे पान माह्यं हाय," असं म्हणत ती ते वाटीत शोधते.

आजी हे सगळं पाहून एकदा म्हणाली, "आमच्या वक्ताला भाजी कोन इकत घेत होतं व?" तेव्हा भाजी कपाशीच्या निंदणीतून यायची. पहिल्या पावसाचा तरोटा, मग घोळ, कुंजर, तांदुळजा. बाया दिवसभर निंदायच्या आणि संध्याकाळी ओच्यात भाजी घेऊन घरी यायच्या. अंबाडी तर शेताच्या कडेने पेरलेलीच असायची. पानांची भाजी, फुलांच्या बोंडांची चटणी, खोडाच्या सालीचा दोर. आता निंदणीला माणूस मिळत नाही, मिळाला तर मजुरी परवडत नाही. म्हणून तणनाशक फवारतात. दादाही फवारतो. कर्जावर कापूस काढणाऱ्याला मी मुंबईत बसून काय सांगणार? पण जे तण म्हणून मरतं, त्यात मुलांची भाजी होती. फुकटची होती. आता तिच्याच बदल्यात आम्ही बाजारातून जुडी आणतो आणि औषधाच्या दुकानातून सिरप.

दादाशी मी एवढंच बोलले, की घराजवळच्या धुऱ्याला दोन ओळी फवारू नको, तिथे अंबाडी टाक. तो म्हणाला, "पाहू जूनमध्ये." आजीने मात्र लगेच बियांची पुरचुंडी काढून फडताळात ठेवली.

परवा वहिनीचा फोन आला. दुसऱ्या तपासणीत हिमोग्लोबिन १०.७ आलंय. श्रेय सिरपचं आहे, गोळीचंही आहे, हे मला ठाऊक आहे. औषध अजून चालूच ठेवायला सांगितलंय. मागून धाकटीचा आवाज येत होता. तिला मला काही वेगळंच सांगायचं होतं. शाळेतल्या मैत्रिणीला तिने शिकवलं होतं, की गोंगूराला आमच्या घरी अंबाडी म्हणतात.