बेगमपेठेच्या कांचा

वैशाखी अमावास्येच्या मध्यरात्रीं अंबडजवळील एका शेतघराच्या गच्चीवर तिवईवर कॅमेरा बसवून आम्हीं अनुराधा नक्षत्राचें छायाचित्र घेतलें. उत्तरेकडे जालन्याच्या पोलाद-कारखान्यांचा उजेड होता, पण दक्षिण बरीच काळी होती. मिनिटभरानें पाहतों तों तारे नाहींत, रेघा! पृथ्वी फिरते हें शाळेंत पाठ केलें होतें. प्रत्यय आतां आला. वेळ कमी केला तेव्हां मधले तारे टिंबांसारखे उमटले. कडेच्यांना मात्र स्वल्पविरामासारख्या शेपट्या फुटल्या.

याच दोन खोडींवर मात करण्यासाठीं घडविलेली एक दुर्बीण आमच्या जुन्या राजधानींत होती. जालना 1956 पर्यंत हैदराबाद राज्यांत होतें, आणि हैदराबादेस बेगमपेठेंत निजामिया वेधशाळा होती. तेथील कुक कंपनीची आठ इंची दुर्बीण डोळा लावण्यासाठीं नव्हे, तर कांचेवर आकाश उतरविण्यासाठीं. अशा दुर्बिणीचें बळ दूरचें मोठें दाखविण्यांत नसून पुष्कळ आकाश कडेपर्यंत स्वच्छ आणण्यांत असतें. भिंगें त्या काळच्या कांचांवर उमटणाऱ्या निळ्या किरणांसाठीं घडविलेलीं. आभाळाबरोबर वळण्यास घड्याळयंत्र जोडलेलें. एका कांचेवर दोन अंशांचा चौकोन मावे, म्हणजे ओळीनें चार पूर्णचंद्र.

सबंध आकाश वेधशाळांनीं वांटून घेऊन असें उतरवावें, असें 1887 सालीं पॅरिसला ठरलें. खगोलीय विषुववृत्ताच्या दक्षिणेस 17 ते 23 अंशांचा पट्टा चिलीतील सांतियागोकडे होता. तेथें तो न झाल्यानें हैदराबादकडे आला. पोकॉक आणि 1918 पासून भास्करन यांनीं तो नेटानें चालविला. अनुराधेच्या तीन ताऱ्यांपैकीं दोन त्याच पट्ट्यांत आहेत.

एकेक तारा मोजण्याचें हें काम आम्हांस एके काळीं कारकुनी वाटे. जगाचा तो मोठा नकाशा तर पुरा झालाच नाहीं. ताऱ्यांच्या स्थानांच्या याद्या मात्र छापल्या गेल्या. पुढें 1989 ते 1993 या काळांत हिपार्कस उपग्रहानें तारे पुन्हां मोजले. नवीं स्थानें आणि जुनीं स्थानें यांच्या तुलनेनें 2000 सालीं सुमारें 25 लाख ताऱ्यांची गति प्रसिद्ध झाली. त्या हिशेबांत बेगमपेठेच्या कांचाही आहेत. उपग्रह कितीही सूक्ष्म असो, मधलीं सत्तर-ऐशीं वर्षें त्याला कोण देणार?

शेपट्या फुटलेलें तें छायाचित्र आम्ही पुसून टाकणार होतों. आतां छापून घेतलें आहे. पाठीमागें तिथी, वेळ आणि गांवाचें नांव लिहिलें आहे.