परळातलं दोन बोटं पाणी

एटापल्लीत आमच्या घरामागच्या सांदवाडीत एक मोह, एक पेरू, लिंबाचं झुडूप आणि कुंपणाला लागून माजलेली घाणेरी आहे. पक्ष्यांचे फोटो काढायचे मनावर घेतलं तेव्हा मीही सगळ्यांप्रमाणे तांदळाची कणी टाकली. होले आले, चिमण्या आल्या, साळुंक्या आल्या आणि पाठोपाठ शेजारच्या कोंबड्या. महिनाभर मी मुख्यतः कोंबड्यांचेच फोटो काढले.

चूक साधी होती. जंगल हाकेच्या अंतरावर, पण त्यातले निम्मे पक्षी दाण्याला चोच लावत नाहीत. श्यामा किडे खाते, हळद्या फळं आणि अळ्या, स्वर्गीय नर्तक उडते कीटक. तहान मात्र सगळ्यांना लागते आणि अंघोळीची हौस तर त्याहून जास्त. फेब्रुवारी-मार्चमध्ये काटेसावर, पळस फुलतात, मग मोह गळतो, तोवर रानात चंगळ असते. एप्रिलमध्ये नाले आटतात आणि मोहफुलं वेचायला जाळलेल्या पाचोळ्याची राख झाडांखाली उरते. तेव्हा मातीचं परळ मांडायचं.

परळ उथळ हवं. पाणी दोन बोटं, त्यात एक खडबडीत दगड. गुळगुळीत काठावर लहान पक्ष्याचे पाय ठरत नाहीत. वर फांदीला मडकं टांगून तळाला बारीक भोक पाडतो आणि त्यात सुतळी ओवतो. थेंबाचा टपटप आवाज साचलेल्या पाण्यापेक्षा पक्ष्यांना लवकर बोलावतो. झुडूप सात-आठ पावलांवर असावं; ससाण्याची सावली पडली तर पळायला जागा हवी, पण मांजराला दबा धरता येईल इतकं ते जवळ नको.

मी स्वयंपाकघराच्या खिडकीला काळपट चादर लावून स्टुलावर बसतो. परळ चौथऱ्यावर अशा बेतानं ठेवलंय की लेन्स आणि पक्ष्याचा डोळा एका पातळीवर येतात. वरून काढलेल्या फोटोत नुसती पाठ दिसते. बुलबुल अंघोळ करताना थेंब गोठवायचे तर शटर 1/1000. श्यामा मात्र अंधार पडता पडता, घाणेरीच्या सावलीतून येते. तिथे 1/125 वर उतरावं लागतं, आयएसओ 3200 करावा लागतो आणि श्वास रोखावा लागतो. फ्लॅश मी वापरत नाही. भृंगराज येतो तेव्हा आधी इतर पक्ष्यांचे आवाज ऐकू येतात. नक्कल करणारा तोच, हे कळायला मला दोन उन्हाळे लागले.

मृगाच्या आगेमागे पहाटे दुहेरी शीळ ऐकू आली की नवरंग आला. इंग्रजीत त्याचं नाव पिट्टा. हा शब्द तेलुगूतला, अर्थ नुसता ‘पक्षी’. आमच्याकडे गोंडीतही पक्ष्याला पिट्टेच म्हणतात. जगभरच्या पुस्तकांत गेलेला शब्द इथे पोरं रोज बोलतात, याची मला उगीचच ऐट वाटते.

मारुती चितमपल्लींच्या जन्मदिवसापासून सालिम अलींच्या जन्मदिवसापर्यंत, 5 ते 12 नोव्हेंबर, राज्यात पक्षी सप्ताह असतो. उपक्रम चांगलाच, पण त्या आठवड्यात आमचे नाले वाहते असतात आणि परळाकडे कोणी फिरकत नाही.

एक फोटो मी कुणाला दाखवत नाही. लिंबात बुलबुलाचं घरटं होतं. समोरची दोन पानं आड येत होती, ती मी कात्रीनं कापली. फोटो स्वच्छ आला. संध्याकाळी टकाचोरानं अंडी नेली. तो नेहमी त्याच वाटेनं जायचा. घरटं त्याला मी दाखवलं. तेव्हापासून वीण चालू असलेल्या झाडाकडे मी कॅमेरा वळवत नाही. स्पर्धेत घरट्याच्या फोटोला बक्षीस मिळालेलं दिसलं की मी आधी पानं शोधतो.

आता एक कामाचं. आमचा भाग हिवतापाचा आहे, आणि त्या तापाचा डास स्वच्छ साचलेल्या पाण्यातही अंडी घालतो. अंड्यापासून डास व्हायला आठवडा-दहा दिवस लागतात. म्हणून परळ रोज सकाळी रिकामं करा, काथ्यानं घासा, मगच भरा. गावाला जाणार असाल तर पालथं घालून जा.